न उघडणारे तोंड आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक

१९५२ साली श्वार्ट्झ या संशोधकाने केनियात राहणाऱ्या पाच भारतीय स्त्रियांची हकीगत वैद्यकीय जगापुढे मांडली. या स्त्रियांच्या तोंडाच्या आतली त्वचा पांढुरकी व निबर झाली होती, तिखट लागताच आग होत होती आणि तोंड पुरेसे उघडत नव्हते. जवळजवळ त्याच वेळी मुंबईचे कान-नाक-घशाचे तज्ज्ञ डॉ. एस. जी. जोशी यांनी आपल्याकडे येणाऱ्या अशाच रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले. टाळू आणि घशाच्या कमानी यांच्या श्लेष्मल त्वचेखाली तंतूंचे थर साचतात, एवढे त्यांच्या लक्षात आले होते, आणि रोगाला दिलेल्या नावातही त्यांनी तेच सांगितले. आज सगळे दंतवैद्य या रोगाला ओरल सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात. ‘सबम्यूकस’ म्हणजे श्लेष्मल त्वचेखालचा, ‘फायब्रोसिस’ म्हणजे तंतूंची अतिवाढ.

हे तंतू कशाचे होते, ते कोठून आले, आणि भारतीयांच्याच तोंडात का आले, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळायला पुढली चाळीस-पन्नास वर्षे लागली. त्यातल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा मान मुंबईतल्या परळच्या एका प्रयोगशाळेकडे जातो. आम्ही धातू आणि प्लॅस्टिक यांच्या अंतरंगाचा अभ्यास करणारे. वैद्यक हा आमचा विषय नव्हे. तरी या कथेत आम्हांला विशेष रस आहे, कारण येथे शरीराचा एक भाग अक्षरशः ‘पदार्थ’ म्हणून तपासावा लागला.

परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल १९४१ साली सुरू झाले. तेथील प्रयोगशाळांचे प्रमुख होते डॉ. वसंत रामजी खानोलकर. रोग्याच्या गाठीचा तुकडा तपासून ‘कॅन्सर आहे’ किंवा ‘नाही’ असा शेरा देणे हे विकृतिशास्त्रज्ञाचे रोजचे काम. खानोलकरांचे तेवढ्यावर समाधान होत नसे. कोणत्या समाजात, कोणत्या सवयींच्या लोकांत, कोणत्या जागी कॅन्सर होतो, हे त्यांनी विचारायला सुरुवात केली. १९५२ साली त्यांच्या पुढाकाराने परळलाच इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर उभे राहिले. पुण्याच्या कमल रणदिवे यांनी तेथे ऊतिसंवर्धनाची, म्हणजे शरीराबाहेर पेशी वाढवण्याची प्रयोगशाळा उभारली, तर सत्यवती शिरसाट यांच्याकडे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आला. शिरसाटबाईंचा जन्म १९२५ चा, कराचीतला. सूक्ष्मजीवशास्त्राचे शिक्षण मुंबईत झाल्यावर त्या खानोलकरांच्या हाताखाली दाखल झाल्या. लंडनच्या चेस्टर बीटी संस्थेत त्यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शनाचे तंत्र शिकून घेतले आणि परत येऊन जीववैद्यकीय कामासाठी भारतातली पहिली इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक प्रयोगशाळा उभारली. (भारतात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची मुहूर्तमेढ त्याआधीच, १९४० च्या दशकात, कलकत्त्यात नीरजनाथ दासगुप्त यांनी रोवली होती. तेथे तर यंत्रच घरी बांधले होते!)

साध्या सूक्ष्मदर्शकाने का भागले नसते, हे पाहू. शाळेत आपण कांद्याचा पापुद्रा पाहतो, तेव्हा भिंगे कितीही चांगली असली तरी एक मर्यादा ओलांडता येत नाही. एर्न्स्ट ॲबे या जर्मन शास्त्रज्ञाने १८७३ मध्ये दाखवले, की प्रकाशाच्या तरंगलांबीच्या साधारण निम्म्याहून जवळ असलेले दोन बिंदू वेगळे दिसू शकत नाहीत. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ५५० नॅनोमीटर, म्हणजे मर्यादा झाली साधारण २०० ते २५० नॅनोमीटर. (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग.) येथे विद्यार्थ्यांचा एक गोंधळ नेहमी होतो. वर्धन आणि विभेदन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वर्तमानपत्रातला फोटो भिंगातून मोठा करून पाहिला तर ठिपके मोठे होतात, माणसाच्या पापण्या दिसू लागत नाहीत.

इलेक्ट्रॉनलाही तरंगलांबी असते, असे द ब्रॉय यांनी १९२४ मध्ये मांडले. पन्नास हजार व्होल्टने पळवलेल्या इलेक्ट्रॉनची तरंगलांबी हिरव्या प्रकाशाच्या जवळजवळ एक लाखांश असते. चुंबकीय वेटोळ्यांचा भिंगासारखा उपयोग करून बर्लिनमध्ये क्नोल आणि रुस्का यांनी १९३१ मध्ये पहिला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक बांधला. १९३३ पर्यंत रुस्का यांनी प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाला मागे टाकले. या कामाचे नोबेल त्यांना मिळाले ते १९८६ मध्ये, वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी. नोबेल समितीच्या सवडीची ही एक कमालच म्हणायची.

पण यंत्र मिळाले म्हणजे चित्र मिळत नाही. इलेक्ट्रॉन हवेत फार दूर जाऊ शकत नाहीत, म्हणून नमुना निर्वात पोकळीत ठेवावा लागतो. ओल्या जिवंत ऊतीतले पाणी तेथे क्षणात उडून जाईल आणि ऊती सुरकुतून जाईल. शिवाय इलेक्ट्रॉन जाडजूड तुकड्यातून आरपार जात नाहीत. म्हणून रुग्णाच्या टाळूचा जेमतेम मिलिमीटरभर तुकडा घ्यायचा, ऑस्मियम टेट्रॉक्साइडसारख्या रसायनात टाकून त्यातील रचना जशीच्या तशी गोठवायची, अल्कोहोलच्या चढत्या तीव्रतेच्या द्रावणांतून नेऊन पाणी काढायचे, पाण्याच्या जागी पातळ प्लॅस्टिक मुरवायचे आणि ते घट्ट करायचे. मग काच फोडून केलेल्या ताज्या धारेने त्याचे छेद घ्यायचे. पोलादी पाते येथे बोथट ठरते. काचेच्या सुरीची युक्ती १९५० मध्ये निघाली, तीही फार साधी: जाड काच विशिष्ट कोनात तोडली की तिची कड कोणत्याही वस्तऱ्याहून धारदार असते. मात्र ती टिकत नाही, काही छेद झाले की नवी काच तोडायची.

हे छेद पाण्यावर तरंगत येतात आणि त्यांची जाडी त्यांच्या रंगावरून ओळखतात. पावसाळ्यात रस्त्यावर सांडलेल्या तेलाचे रंग ज्या कारणाने दिसतात त्याच कारणाने, म्हणजे प्रकाशाच्या व्यतिकरणाने, छेदालाही रंग येतो. चंदेरी छेद साठ ते नव्वद नॅनोमीटर जाडीचा, सोनेरी त्याहून जाड, आणि जांभळा-निळा दिसला तर टाकून द्यायचा. या कामात फुशारकीपेक्षा स्थिर हात आणि चिकाटी लागते. मुंबईच्या दमट हवेत प्लॅस्टिक ओल धरते आणि नीट कडक होत नाही, ही आणखी एक कटकट. अशा हवेत १९५० च्या दशकात परळला हे काम उभे राहिले, याचे मोल ज्याने स्वतः छेद घेतले आहेत त्यालाच कळेल.

आता त्या तंतूंकडे येऊ. आपल्या शरीरातल्या प्रथिनांत सर्वांत मुबलक प्रथिन कोलॅजन. कातडी, स्नायुबंध, हाडांचा सांगाडा, डोळ्याचा पारदर्शक पडदा, सगळीकडे तेच. एखाद्या अभियंत्याने दोरखंड वळावा तशी त्याची रचना असते. तीन साखळ्यांचा पीळ मिळून एक रेणू होतो, सुमारे ३०० नॅनोमीटर लांब आणि दीड नॅनोमीटर जाड. ही त्रिसूत्री रचना गो. ना. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्ता यांनी १९५४-५५ मध्ये मद्रासला उलगडली. त्यासाठी त्यांनी तेथल्याच केंद्रीय चर्म संशोधन संस्थेतून कोलॅजनचा नमुना मिळवला होता. कातड्याचा हा धागा पुढे पुन्हा येणार आहे. असे रेणू विटांच्या बांधकामासारखे एकमेकांपासून थोडे सरकून रचले जातात आणि त्यामुळे तंतूवर दर ६७ नॅनोमीटरवर एक पट्टा उमटतो. डोक्याच्या एका केसाच्या जाडीत असे सुमारे हजार पट्टे मावतील. प्रकाशाच्या मर्यादेच्या खूप आत असल्याने साध्या सूक्ष्मदर्शकात ते दिसणे शक्यच नाही. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात मात्र पट्टा दिसला की कोलॅजनची ओळख पटली. अंगठ्याचा ठसाच म्हणा.

शिरसाट आणि खानोलकर यांनी रोग्यांच्या टाळूचे तुकडे दोन्ही प्रकारे तपासून १९५७ मध्ये एका ब्रिटिश विकृतिशास्त्रीय नियतकालिकात निबंध प्रसिद्ध केला. रंगद्रव्यांच्या साह्याने रासायनिक तपासणी आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शन या दोन्हींची जोड त्यात होती. पुढे १९६६ मध्ये शिरसाटबाईंनी कोपनहेगनचे दंतविकृतिशास्त्रज्ञ पिंडबोर्ग यांच्याबरोबर या रोगाचा विस्तृत आढावा लिहिला आणि छेदात दिसणाऱ्या बदलांनुसार त्याच्या चार पायऱ्या ठरवल्या. पहिल्या पायरीवर बारीक, विरळ तंतू आणि सुजलेली ऊती, तर शेवटच्या पायरीवर तंतूंचे जाड, एकजीव गठ्ठे, आक्रसलेल्या रक्तवाहिन्या आणि वर पातळ होत गेलेला त्वचेचा थर. हे वर्गीकरण दंतवैद्यकाच्या पुस्तकांत अजून शिकवले जाते.

कारणाच्या बाबतीत मात्र सुरुवातीचा संशय भलतीकडे गेला. रोग्यांना तिखट लागताच आग होते, आपले लोक मिरची भरपूर खातात, तेव्हा मिरचीच दोषी असावी, हा तर्क त्या काळी स्वाभाविक होता. शिरसाट आणि खानोलकर यांनी १९६० मध्ये उंदरांच्या टाळूला मिरचीतले कॅप्सायसिन लावून पाहिले. या उंदरांच्या आहारात आधीच मुद्दाम उणीव ठेवलेली होती. तंतूंची वाढ दिसली, निबंध प्रसिद्ध झाला, आणि मिरचीचे नाव पाठ्यपुस्तकांत बरीच वर्षे राहिले. १९६२ मध्ये त्यांनी सुपारीतल्या ॲरेकोलीनचीही अशीच चाचणी घेतली. म्हणजे सुपारीही संशयितांच्या यादीत पहिल्यापासून होती.

येथे थोडे थांबून विचार करायला हवा. सूक्ष्मदर्शकाने काय घडले आहे ते अचूक दाखवले. कोणामुळे घडले, हे तो दाखवू शकत नव्हता. मिरची मेक्सिकोत लोक आपल्याइतकीच खातात, पण तेथे हा रोग नाही. उलट तैवानमध्ये सुपारी तंबाखूशिवाय चघळतात आणि तेथे तो आहे. ही तुलना कोणत्याही भिंगात दिसणारी नाही. त्यासाठी माणसे मोजावी लागतात.

ती मोजण्याचे काम मुंबईच्याच टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या एका दंतसंशोधन गटाने केले. अणू आणि विश्वकिरण यांच्यासाठी नावाजलेल्या संस्थेत दात कसे आले, असे वाचकांना वाटेल! डॉ. फली मेहता यांच्या नेतृत्वाखाली या गटाने १९६६ पासून गुजरात, केरळ, आंध्र आणि बिहार येथल्या पाच जिल्ह्यांत घरोघर जाऊन सुमारे ५१ हजार खेडुतांची तोंडे तपासली. मग महाराष्ट्रात १,०१,७६१ खेडुतांची तपासणी केली. तिचा अहवाल १९७२ मध्ये निघाला. एर्नाकुलम जिल्ह्यातल्या ६६ रुग्णांचा पाठपुरावा त्यांनी १७ वर्षे केला. त्यांतल्या पाच जणांना तोंडाचा कॅन्सर झाला, म्हणजे शेकडा साडेसात. हा रोग नुसता गैरसोयीचा नसून कॅन्सरची पूर्वपायरी आहे, हे यातून पक्के झाले.

सुपारीविषयीचा निर्णायक पुरावा १९९० मध्ये आला. भावनगर येथे ६० रुग्ण आणि त्यांच्याशी वय व लिंगाने जुळणारे ६० निरोगी लोक घेतले. रुग्णांपैकी ५९ जण कोणत्या ना कोणत्या रूपात सुपारी खाणारे निघाले, निरोगी लोकांपैकी २१. हा आकडा वर्गात फळ्यावर मांडून पाहावा. रुग्णांत खाणारे आणि न खाणारे यांचे प्रमाण ५९ ला १, निरोगी लोकांत २१ ला ३९. पहिल्याला दुसऱ्याने भागले तर उत्तर येते जवळजवळ ११०. साथीच्या रोगांच्या शास्त्रात एवढे मोठे गुणोत्तर क्वचित मिळते. २००३ मध्ये आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्थेने तंबाखूविना सुपारीलाही माणसात कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले. ‘नुसती सुपारी, तंबाखू नाही’ या समाधानाला मग आधार उरला नाही.

पण सुपारीने तंतू वाढतात ते कसे? आम्हांला सर्वांत भावलेला भाग हाच. सुपारीतले ॲरेकोलीन तंतू तयार करणाऱ्या पेशींना चेतवते. सुपारीत तांब्याचे प्रमाण बरेच असते आणि कोलॅजनच्या रेणूंना एकमेकांशी टाके घालणाऱ्या विकराला काम करायला तांबे लागते. टाके वाढले की दोरखंड ताठर होतो. तिसरी गोष्ट म्हणजे सुपारीतली टॅनिने. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका कामात दाखवले गेले, की ही टॅनिने कोलॅजनला चिकटून त्याला इतके स्थिर करतात, की जुने कोलॅजन तोडून टाकणारे शरीरातले विकर त्याचे काही करू शकत नाही. उत्पादन वाढले आणि मोडतोड थांबली, की साठा वाढणारच.

कोल्हापुरी चपलेचे कातडे कसे कमावतात, हे ज्यांनी पाहिले असेल त्यांना हे लगेच उमगेल. कच्चे कातडे बाभळीच्या सालीच्या आणि हिरड्याच्या पाण्यात मुरवतात. त्यातली टॅनिने कातड्यातल्या कोलॅजनला धरून बसतात, मग ते कुजत नाही आणि टिकाऊ होते. तेच रसायन, तेच प्रथिन. फरक एवढाच, की येथे कातडे जिवंत माणसाच्या गालाच्या आतले असते आणि ते रोज थोडे थोडे कमावले जाते.

हा परिणाम शाळेत दाखवता येतो. जेली करण्यासाठी मिळणारे जिलेटिन म्हणजे उकळून सुटे केलेले कोलॅजनच. ते प्राणिज असते, तेव्हा आधी मुलांना तसे सांगावे. एक ग्रॅम जिलेटिन शंभर मिलिलिटर कोमट पाण्यात विरघळवून गार करावे आणि चिमूटभर मीठ घालावे. दोन चमचे चहाची पूड पेलाभर पाण्यात उकळून, गाळून, गार करून घ्यावी. दूध अर्थातच नको. जिलेटिनच्या नळीत हा कोरा चहा थेंब थेंब टाकला की द्रावण गढूळ होऊन साका बसू लागतो. मग हाच प्रयोग ठेचलेल्या सुपारीच्या काढ्याने करावा. निकाल मुलांनाच वर्णन करू द्यावा.

परळची संशोधन संस्था पुढे कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूट या नावाने ओळखली जाऊ लागली आणि २००२ मध्ये नवी मुंबईत खारघरला हलली. बोनकोड्याहून कोपरखैरणे स्थानकावर येऊन पनवेलची लोकल धरली, की खारघरला थेट उतरता येते. सूक्ष्मदर्शनाचे तंत्र एव्हाना पार बदलले आहे. जीवरेणू पाण्यासकट क्षणार्धात गोठवून, प्लॅस्टिक आणि ऑस्मियम यांच्याशिवाय पाहण्याच्या तंत्राला २०१७ चे रसायनाचे नोबेल मिळाले. ॲबेची मर्यादा प्रकाशानेच चुकवण्याच्या युक्त्यांना ते २०१४ मध्ये मिळाले. कोलॅजनसाठी मात्र आमच्या मते दोन तंत्रे अधिक महत्त्वाची आहेत, आणि दोन्ही आमच्या मुलखातून, म्हणजे घन पदार्थांच्या अभ्यासातून जीवशास्त्रात गेली.

पहिले तंत्र १९६१ मध्ये क्वार्ट्झच्या स्फटिकात आढळलेल्या एका परिणामावर उभे आहे. तीव्र लेसरचा प्रकाश काही स्फटिकांतून गेला, की त्याचा थोडा भाग निम्म्या तरंगलांबीचा होऊन बाहेर येतो. कोलॅजनची रचना इतकी शिस्तीची, की तेही स्फटिकासारखे वागते. ८०० नॅनोमीटरचा अवरक्त लेसर ऊतीवर फिरवला की कोलॅजन तेवढे ४०० नॅनोमीटरच्या जांभळ्या प्रकाशात उमटते. रंग लावणे नाही, प्लॅस्टिक नाही. दुसरे तंत्र म्हणजे १९८६ मध्ये निघालेला आण्विक बल सूक्ष्मदर्शक. त्यात भिंगच नसते. आंधळा माणूस काठीने जमीन चाचपतो तशी एक अतिसूक्ष्म सुई पृष्ठभाग चाचपते आणि चित्र काढते. शिवाय ती सुई तंतूवर दाबून तो किती ताठर आहे हेही मोजता येते. पोलादाची तार आणि टाळूचा तंतू यांची ताठरता एकाच एककात सांगता येते, हे आम्हांला अजूनही गमतीचे वाटते. सबम्यूकस फायब्रोसिसच्या छेदांवर या दोन्ही तंत्रांनी काम झाले आहे.

दरम्यान रोग म्हाताऱ्यांकडून तरुणांकडे सरकला आहे. पानात सुपारी खाणाऱ्याच्या तोंडात ती थोडी आणि केव्हातरी जाई; पुडीतल्या सुक्या मिश्रणात मुख्य ऐवज सुपारीचाच, आणि पुडी खिशात मावते. महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटखा आणि पानमसाला यांच्यावर बंदी घातली. साध्या सुपारीवर बंदी नाही, आणि ती मुलांनाही मिळते. एकदा टाके पडून घट्ट झालेले कोलॅजन सुपारी सोडल्याने विरघळत नाही. रोग पुढे सरकणे थांबू शकते, एवढेच. तोंड फारच मिटले तर शस्त्रक्रियेने पट्टे कापावे लागतात. म्हणून पहिल्या-दुसऱ्या पायरीवर रोग ओळखणे महत्त्वाचे, आणि त्यासाठी सूक्ष्मदर्शक लागत नाही. मुलाने स्वतःच्या हाताची मधली तीन बोटे एकावर एक, उभी धरून वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमध्ये घालून पाहावी. ती सहज मावायला हवीत. दोनच मावत असतील, किंवा साधी आमटीही तोंडाला झोंबत असेल, तर त्याला दंतवैद्याकडे पाठवावे.